तळहातावरची देवी आणि लेण्यातला सदाशिव : शिल्पाचा आकार काय सांगतो?

१/
मोबाइलच्या पडद्यावर इनामगावची मातीची देवी आणि घारापुरीचा सदाशिव एकाच उंचीचे दिसतात. प्रत्यक्षात पहिली तळहातावर मावते, तर दुसऱ्यासमोर उभ्या माणसाला मान वर करावी लागते. छायाचित्रात हरवणारा हा फरकच शिल्पाचा अर्थ ठरवतो. तो कसा, याविषयी हा धागा. 🧵

२/
सुरुवात शिरूर तालुक्यातून. भीमाकाठचे वडगाव रासाई आणि घोडनदीकाठचे इनामगाव ही याच तालुक्यातील गावे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इनामगावला उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली.

३/
तेथील एका घराच्या जमिनीखाली मातीची लंबगोल, झाकण असलेली पेटी सापडली. काळ सुमारे इ. स. पू. १३००. आत डोके नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्र होते. दोहोंत काडी बसवली की देवी बैलावर आरूढ होई. पेटीसोबतच डोके असलेली आणखी एक स्त्रीमूर्तीही मिळाली.

४/
या मूर्ती भाजलेल्या नाहीत, कच्च्या मातीच्या आहेत. पाणी लागले तर विरघळतील. जवळच भट्टी लावून उत्तम जोर्वे भांडी भाजणाऱ्या लोकांना माती पक्की करता येत नव्हती, असे म्हणता येणार नाही. म्हणजे मूर्ती कच्ची ठेवणे ही त्यांची निवड असावी. ती दूरवरून पाहण्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्यासाठी घडवलेली दिसत नाही.

५/
मग कशासाठी? याच वसाहतीत दगावलेल्या बालकांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. असे दफन अनेक घरांत आढळले. देवी आणि मूल, दोन्ही त्याच जमिनीखाली. त्यामुळे मुलांच्या रक्षणाशी वा अपत्यप्राप्तीशी या देवीचा संबंध जोडला जातो. हे अनुमान आहे; पण मूर्तीचा आकार त्याला पूरक ठरतो.

६/
कारण लहान मूर्ती हातात घ्यावी लागते. तिला काडी लावणारी, बैलावर बसवणारी, पेटीत ठेवून झाकण लावणारी बोटे त्या घरातीलच असणार. येथे पाहणारा आणि हाताळणारा वेगळा नसतो. आजही देवघरातील टाक केवळ काही बोटे उंचीचे असतात; ते घासले जातात, न्हाऊ घातले जातात. घरच्या देवाशी सलगी अशीच होते.

७/
लहान म्हणजे हलके किंवा स्वस्त, असेही नाही. १९७४ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबादला शेतकऱ्यांना चार धातुशिल्पे सापडली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सें.मी., हत्तीची उंची सुमारे २५ सें.मी. तरीही चारही शिल्पांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक!

८/
एवढे वजन येण्याचे कारण, ही शिल्पे भरीव आहेत. धातू दुर्मीळ असताना तो असा ओतणे म्हणजे संपत्तीचेच दर्शन. चाकांमुळे ती ओढून नेता येत. कदाचित एखाद्या मिरवणुकीत त्यांना स्थान असेल. म्हणजे आकार घरातील वस्तूचा आणि डौल सार्वजनिक. शिल्पाचा प्रभाव मोजताना उंचीच्या जोडीला वजनही पाहावे लागते, ते यामुळे.

९/
आता घारापुरी, सहावे शतक. सदाशिवाची उंची सुमारे साडेपाच मीटर, आणि तीही केवळ छातीपर्यंतची. कल्पना करा : याच प्रमाणात संपूर्ण देह कोरला असता, तर तो लेण्याच्या छतातून केव्हाच वर गेला असता. शिल्पींनी देह अर्धाच दाखवला आणि उरलेला पाहणाऱ्याच्या मनावर सोपवला. दिसते त्याहून शिव मोठा आहे, हे दगडाने असे सांगितले.

१०/
जागेची निवडही तशीच. उत्तरेकडून आत येणाऱ्याला खांबांच्या रांगांपलीकडे, दक्षिण भिंतीतील खोल कोनाड्यात सदाशिव दिसतो. प्रकाश अंधूक; पावलागणिक मुखे स्पष्ट होत जातात. दोन्ही बाजूंचे द्वारपाल स्वतः माणसाहून उंच, तरीही सदाशिवापुढे लहान भासतात. मोठेपण जाणवायला शेजारी मोजमाप लागते, ते काम द्वारपाल करतात.

११/
विशेष म्हणजे त्याच लेण्याच्या गर्भगृहातील शिवलिंग सदाशिवाच्या मानाने बरेच लहान आहे. चार दारे, प्रत्येक दाराशी प्रचंड द्वारपाल आणि आत साधे, निराकार लिंग. जे पाहून थक्क व्हायचे ते मोठे. ज्याची पूजा करायची, ज्याला प्रदक्षिणा घालायची, ते लहान. एकाच लेण्यात दोन्ही प्रमाणे जाणीवपूर्वक वापरली आहेत.

१२/
अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, आकाराचा तिसराच उपयोग दिसतो. महापरिनिर्वाणाची बुद्धमूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे. पण ती चैत्याच्या अरुंद बाजूच्या मार्गातील भिंतीवर कोरली आहे. मागे सरकून संपूर्ण मूर्ती एका नजरेत घेणे अवघड. मस्तकापासून चरणांपर्यंत चालतच जावे लागते. खाली शोकाकुल शिष्य, आकाराने अगदी लहान. पाहणाराही नकळत त्यांच्याच रांगेत येतो.

१३/
आकार वाढवणे म्हणजे नुसते मोठे करणे नव्हे. मूर्तीची उंची दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ, म्हणून वजनही, आठपट. कच्च्या मातीची देवी दहापट उंच करायची म्हटली, तर तिचे वजन हजारपट होईल आणि ती स्वतःच्या भाराने कोसळेल. घारापुरीला ही अडचण नव्हती, कारण तेथील शिल्प डोंगराचाच भाग आहे.

१४/
आधुनिक काळात हा प्रश्न पोलाद आणि काँक्रीटच्या सांगाड्याने सोडवला. २०१८ मध्ये उभा राहिलेला गुजरातमधील सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटर उंच आहे. त्याचे शिल्पकार राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातील. अशा उंचीवर पायथ्यापासून चेहरा नीट दिसत नाही. पुतळा दूरवरून, भूदृश्याचा भाग म्हणून पाहावा लागतो. जवळीक जाते, दबदबा येतो. किती अंतरावरून पाहायचे, हे शेवटी आकारच ठरवतो.

१५/
आकाराचा परिणाम जतनावरही होतो. घारापुरीच्या लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तळहाताएवढ्या मूर्तीचे नशीब मात्र ती ज्या मातीत आहे तिच्याशी बांधलेले असते. महाराष्ट्रात जुन्या वसाहतींच्या टेकाडांना ‘पांढरी’ म्हणतात आणि तिची माती शेतात टाकण्यासाठी नेण्याची जुनी रीत आहे. सदाशिव कोणी नकळत गाडीत भरून नेणार नाही. इनामगावच्या देवीसारखी मूर्ती मात्र एका फावड्यात नाहीशी होऊ शकते, आणि ती होती हेही कोणाला कळत नाही.

१६/
म्हणून पुढच्या वेळी एखाद्या शिल्पाचे छायाचित्र पाहताना आधी त्यातील मोजपट्टी शोधा. ती नसेल, तर उंची विचारा. मग तीन प्रश्न : हे हातात घ्यायचे होते, समोर उभे राहून पाहायचे होते, की त्याच्या बाजूने चालत जायचे होते? आणि नदीकाठच्या पांढरीत खापरे किंवा मातीची बाहुली दिसली, तर ती न उचलता पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू जागेवर राहिली, तरच तिच्या शेजारी काय होते ते समजते. इनामगावची देवी आपल्याला कळली, ती पेटी, बैल आणि घराची जमीन यांच्यासह सापडली म्हणूनच.

#इतिहास #इनामगाव #घारापुरी