दुचाकीवरचं लेकरू कायद्याला कधी दिसलं?

यंदा गड्ड्याच्या यात्रेला आमच्या गटातली एक जण नवऱ्याच्या गाडीवर निघाली होती. तीन वर्षांचं पोरगं पुढे टाकीवर. कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला आणि पोरगं हँडलवर आपटलं. ओठाला चार टाके, तेवढ्यावर निभावलं. त्या महिन्याच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. "लेकरांसाठी काही नियमच नाही का गं?" एकीनं विचारलं, आणि आम्ही शोधायला बसलो.

देशातला मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा. मग १९३९ चा आला, मग १९८८ चा. या शेवटच्या कायद्यात हेल्मेट होतं, पण लहान मुलांचं वेगळं असं काही नव्हतं. तिकडे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं १९७८ पासूनच कारमध्ये लहान मुलांना खास सीट सक्तीची केली. थोड्या मोठ्या मुलांसाठी उंच बैठक असते, तिला बूस्टर म्हणतात. कारचा पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा; लहानग्याच्या तो मानेवर आणि पोटावर येतो. बैठक उंच झाली की तोच पट्टा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसतो. एवढी साधी गोष्ट!

आपल्याकडे हे यायला २०१९ उजाडलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारमध्ये पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड. हे वाचल्यावर बैठकीत हशा पिकला. आमच्यातल्या निम्म्या जणी विड्या वळतात, कार कुणाच्या दारात आहे?

पण त्याच दुरुस्तीत आपल्या कामाचंही होतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट. त्याखालच्या मुलांचा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाला आणि वर्षभरानं लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट हवं, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा.

एक अडचण मात्र तशीच आहे. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस बसवता येतो. म्हणजे नवरा, बायको आणि लेकरू ही आपली रोजची स्वारी मुळातच नियमात बसत नाही. अक्कलकोटला जायचं तर एसटी बरी, हे आम्हालाही कळतं. पण रात्री ताप चढला तर दवाखान्यात कशानं न्यायचं?

पट्ट्याचं ऐकून आमच्या शिवणकाम करणाऱ्या दोघी म्हणाल्या, "आपणच शिवू की!" नियमात मात्र जाड नायलॉन, आत दाट फोम आणि ३० किलो वजन पेलण्याची ताकद सांगितली आहे. घरच्या शिलाईवर लेकराचा जीव टांगायला आमचं मन धजेना. आम्ही तयार पट्टेच घ्यायचे ठरवले, गटाच्या अंतर्गत कर्जातून. पहिला पट्टा त्या चार टाक्यांवाल्या पोराला.