हजेरीपटाबाहेरची माणसे

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबते, मागे जादा इंजिने लागतात आणि घाट सुरू होतो. डब्यातली माणसे खिडक्यांकडे सरकतात. धबधबे दिसू लागतात, पोरे बोगदे मोजू लागतात. गेली चाळीस वर्षे मी या वाटेने जातो-येतो आहे. बोगद्याचा अंधार डब्यात शिरला की माझ्या मनात मात्र एकच मोजणी चालू होते : हा डोंगर फोडताना माणसे किती मेली? या प्रश्नाला आकड्यात नेमके उत्तर नाही. ते का नाही, हा माझ्या दृष्टीने बांधकामावरच्या सुरक्षिततेचा पहिला प्रश्न आहे.

बोरघाटाचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८५६ मध्ये सुरू केले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट वाहतुकीला खुला झाला. लांबी सुमारे सोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५, मोठे दगडी पूल ८. सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक. जेम्स बर्कली हा कंपनीचा मुख्य अभियंता. त्याच्या काळच्या अभियंत्यांनी कागदोपत्री सगळे नोंदले आहे : किती घनयार्ड खडक फोडला, किती दगडकाम झाले, कोणत्या कमानीचा गाळा किती फुटांचा. जानेवारी १८६१ मध्ये कामावर बेचाळीस हजारांवर माणसे होती, हेही ठाऊक आहे, कारण ती कामाला लागणारी सामग्री होती. मेलेल्यांचा मात्र हिशेब नाही. आजचे इतिहासकार पंचवीस हजारांच्या आसपासचा अंदाज सांगतात. अंदाजच. कमानीचा गाळा इंचापर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेकडे माणसांसाठी मोजपट्टी नव्हती.

ती मेली कशाने? कड्यावरून दोर सोडून माणसे खाली उतरवीत आणि लोंबकळत्या अवस्थेत त्यांच्याकडून सुरुंगाची भोके पाडून घेत. डायनामाइटचा शोध १८६७ चा. तोवर सगळा कारभार काळ्या दारूवर. पण कडा आणि सुरुंग यांपेक्षा जास्त माणसे खाल्ली ती पटकीने आणि हिवतापाने. पालापाचोळ्याच्या खोपटांत हजारो माणसे कोंबलेली, पिण्याचे आणि हगण्याचे पाणी एकच. याला अपघात म्हणायचे की आजार? मी म्हणतो, हे कामावरचेच मरण आहे. माणसाला कामावर आणून जेथे झोपवले ती जागाही कामाचीच जागा. हे न मानल्यामुळे काय होते ते पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या पहाटे दिसले. सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि झोपेतच पंधरा जीव गेले. त्यात लहान मुले होती. ती काही परांचीवरून पडली नव्हती.

ठेकेदाराचे मरण मात्र इतिहासाला ठाऊक आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा घाटाचा दुसरा ठेकेदार. १८५९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने गेला. त्याच्या विधवेने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवून काम तडीस नेले. बाई कर्तबगार होती, यात शंका नाही. तिचे कौतुक पुस्तकांतून आहे. पण त्याच डोंगरावर नवरा गमावून दुसऱ्या दिवशी डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका किती होत्या?

त्या आधीचा ठेकेदार फॅव्हिएल. त्याच्या कारकिर्दीत, १८५९ च्या आरंभी, थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि युरोपियन नोकरांवर हल्ले झाले. चौकशीत मजुरी थकल्याचे खरे निघाले. पुढे १८६० चा मालक-मजूर तंट्यांचा कायदा आला. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर मिटवावेत ही त्याची एक बाजू. काम सोडून जाणाऱ्या मजुराला तुरुंग, ही दुसरी. हा कायदा १९३२ पर्यंत पुस्तकात होता. म्हणजे कडा ढासळताना दिसला म्हणून जो मागे फिरला तो गुन्हेगार.

आणखी एक गोष्ट. जुलै १८६७ मध्ये याच घाटातला म्हाऊ-की-मल्लीचा पूल कोसळला. कोणी मेले नाही. गाडी नुकतीच पार झाली होती. पण बांधकाम कच्चे का राहिले याची चौकशी झाली आणि कंपनीच्या इतर पुलांचे दगडकामही तपासले गेले. दगड पडला तर चौकशी, माणूस पडला तर बदली माणूस!

हा केवळ साहेबाचा निर्दयपणा होता असे मानून आपल्याला सुटता येणार नाही. दगडमातीचे काम कोणाच्या माथी मारायचे हे साहेब येण्यापूर्वीच येथे ठरलेले होते. ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि तळाशी वडार, बेलदार, महार, मांग, दुष्काळाने उठलेला कुणबी. ज्याच्या मरणाचे सुतक गावाने कधी पाळले नाही, त्याच्या मरणाची नोंद कंपनीने का ठेवावी? जातिव्यवस्था ही कामाची नव्हे, काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला याच रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी घाट फोडला ते तेव्हाही बहुतांशी गँगमनच होते. मजूरमंत्री असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, बाबासाहेब धनबादला स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. सुरक्षिततेची पाहणी करायची ती अशी, खाली उतरून.

माझ्या बापाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९७८ च्या पावसाळ्यात तो पुण्यात एका इमारतीवर बिगारी होता. परांची बांबूंची, काथ्याने बांधलेली. पावसाने काथ्या कुजला होता. तिसऱ्या मजल्यावरून तो घमेल्यासकट खाली आला आणि जागीच गेला. मी सातवीत होतो. आई मला घेऊन पोचली तेव्हा मुकादमाने तिच्यापुढे वही धरली. तिला वाचता येत नव्हते, मला येत होते. त्या तारखेला बारा बिगारी लिहिले होते आणि बारा जण समोर उभे होते.

"बाई, तुमचा माणूस आमच्या वहीत नाही," मुकादम म्हणाला.

"वहीत न्हाई," आई म्हणाली, "मग ह्ये रगात कुणाचं?"

ठेकेदाराने मातीसाठी दोनशे रुपये दिले आणि पावतीवर आईचा अंगठा घेतला. त्या बारांपैकी कोणी बोलले नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची उचल मुकादमाकडे होती.

पुढे शिकलो तेव्हा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा वाचला. त्याच्या परिशिष्टात शरीराची किंमत टक्क्यांत मांडली होती. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली असे धरायचे. (एकलव्याच्या वेळी हे परिशिष्ट नव्हते.) त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाने ठेकेदाराआडच्या मुख्य मालकालाही जबाबदार धरले होते. कलम चांगले होते. पण मेलेला माणूस कामावर होता हे आधी सिद्ध व्हावे लागते, आणि वही मुकादमाच्या बगलेत असते.

दिल्लीत एशियाडची कामे चालली होती तेव्हा किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती आणि जमादार त्यातला एक रुपया कापून घेत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठच, असा निकाल १९८२ मध्ये लागला. बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला मात्र १९९६ उजाडले. पाचशे मजूर असतील तेथे सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी, असे त्यात होते. एकाच जागेवरची माणसे पाच-सहा पोटठेकेदारांच्या वह्यांत वाटून दाखवली की कोणाचीच पाचशे भरत नाहीत! कल्याणनिधीसाठी उपकर बसला, पण लाभासाठी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. तो देणार कोण? नाक्यावर रोज नवा ठेकेदार. उपकराचे हजारो कोटी रुपये न वापरता पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सरकारांना फटकारले. आता त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, वहीची बगल बदललेली मला अजून दिसलेली नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उचलणारे अजस्र यंत्र कोसळून वीस माणसे मेली. तेथे यंत्राला तोटा नव्हता.

म्हणून आमच्या कार्यकर्त्यांनी बांधकामाची पाहणी करताना हेल्मेट आणि पट्टे आधी मोजू नयेत असे माझे मत आहे. हेल्मेट पाहुणे येणार म्हटले की वाटली जातात. आधी माणसे मोजावीत, मग हजेरीपट मागावा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. झोपड्या कोणत्या भिंतीखाली आहेत, पाणी कोठून येते, हे पाहावे. मागल्या पावसात परांचीचा बांध कोणी तपासला, ते नाव विचारावे. हजेरीची एक प्रत मजुराच्या स्वतःच्या खिशात असावी, ही मागणी पहिली ठेवावी. जीव धोक्यात दिसला तर खाली उतरण्याचा हक्क तिच्या पाठोपाठ. कारण जो वहीत नाही त्याला खाली उतरल्यावर उद्या कोणी ओळखतही नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन अशाच एका पाहणीला गेलो होतो. साहेब लोकांनी माणसे चाळीस सांगितली, पोरांनी सत्तावन मोजली. हजेरीपट "ऑफिसात" होता. तेवढ्यात सिमेंटच्या गोण्या झाडणारी एक बाई जवळ आली. कमरेच्या पिशवीतून तिने शाळेची एक चौकटीची वही काढली. रोज रात्री तिची पाचवीतली पोर त्यात तारीख, जागेचे नाव आणि मुकादमाचे नाव लिहीत होती. त्या दिवसापर्यंत एकसष्ट तारखा झाल्या होत्या. "गुरुजी, ह्ये चालंल का वो?" तिने विचारले. आम्ही त्या वहीखाली सह्या केल्या, सत्तावनातल्या एकोणीस जणांनी अंगठे दिले, आणि ती वही घेऊन दुसऱ्या दिवशी कामगार अधिकाऱ्याकडे गेलो.