बिटमॅप रूपांतर
रेषा, वक्र आणि रंग यांच्या गणिती नोंदींवर उभ्या असलेल्या व्हेक्टर आकृतीचे पिक्सेलच्या जाळीत केलेले रूपांतर. यालाच रास्टरीकरण म्हणतात. कोरलड्रॉ या व्हेक्टर-चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये (पहिली आवृत्ती १९८९) यासाठी ‘कन्व्हर्ट टू बिटमॅप’ ही आज्ञा असते. तीत रिझोल्यूशन, रंगपद्धती, अँटी-अलायझिंग व पारदर्शक पार्श्वभूमी ठरवता येते. यांत निर्णायक रिझोल्यूशनच. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ए-४ पान २४८० × ३५०८ पिक्सेलचे होते आणि सीएमवायके या छपाईच्या चार रंगांत, संक्षेपणाविना, सुमारे ३५ एमबी भरते; ६०० डीपीआयला त्याच्या चौपट. अँटी-अलायझिंग कडेच्या पिक्सेलना मधल्या छटा देऊन दातेरीपणा झाकते. सावल्या, पारदर्शकता यांसारख्या गुंतागुंतीच्या परिणामांसाठी हे रूपांतर सोयीचे. बारीक मजकुराला मात्र ते मारकच. रूपांतरानंतर अक्षरे मजकूर म्हणून बदलता येत नाहीत. त्यामुळे मूळ व्हेक्टर फाइल वेगळी जपावी.