गळालेले अक्षर

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. तरी आज पी-५३ नावाच्या एका प्रथिनाची हकिगत सांगतो, कारण तिच्यात एक मुद्रणदोष आहे आणि मुद्रणदोषांचा मला अनुभव दांडगा. पहिल्या संग्रहात माझ्या एका ओळीतला 'न' गळाला आणि ज्याला नाकारले त्याचीच मी स्तुती करून बसलो.

आपल्या पेशीत काही प्रथिने डीएनएला ठरावीक जागी बिलगतात आणि कोणते जनुक वाचायचे, कोणते मिटून ठेवायचे ते ठरवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. पी-५३ त्यांतलेच, पण हे उमगायला दहा-बारा वर्षे गेली.

१९७९ साली लंडनला डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड यांना आणि अमेरिकेत अर्नोल्ड लेविन यांना ते वेगवेगळे सापडले. आणखीही काहींना सापडले. वजन ५३ हजार डाल्टन भरले म्हणून ते नाव. (खरे वजन ४४ हजारांच्या आसपास, म्हणजे बारशालाच चूक!) कर्करोगाच्या गाठींत ते भरपूर दिसे. जिथे आग तिथे हा, तेव्हा आग लावणारा हाच, असा हिशेब झाला. १९८४ साली त्याचे जनुक दुसऱ्या एका कर्कजनुकाबरोबर उंदरांच्या पेशींत घातले, तर पेशी बिघडल्या. गुन्हा शाबीत!

पण प्रयोगशाळांतून वापरात असलेल्या त्या जनुकाच्या प्रतीच सदोष होत्या. कुठे एखादे अक्षर बदललेले. १९८९ साली लेविन यांच्याकडे शुद्ध प्रत वापरली तेव्हा उलटे घडले, पेशींचा बिघाड रोखला गेला. त्याच वर्षी बाल्टिमोरला बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पाहिले, तर या जनुकाची एक प्रत हरवलेली, दुसरी बिघडलेली. आग लावणारा म्हणून धरलेला बंबवाला निघाला.

डीएनएला इजा झाली की पी-५३ ठरावीक जनुके वाचायला लावते. पेशीची वाढ थांबते, किंवा पेशी स्वतःच मरते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत याच जनुकात बिघाड असतो, आणि बहुधा डीएनएला बिलगणाऱ्या भागातच. वाचणाऱ्याचीच नजर गेलेली.

माझी आपा मोठ्या आतड्याच्या कर्करोगानेच गेली. शेवटच्या पावसाळ्यात म्हणाली, "माझं कुठं चुकलं रे?" मिसरी, तिखट, उपास, सगळे तिने मोजून झाले होते. अम्मीने नजर लागल्याचे ठरवले होते. मला तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. मी तिच्या पायांवर गोधडी सारखी केली आणि चहा आणायला उठलो.