प्रतिसादी अवकाशीय ध्वनी

इअरफोनमधून ऐकू येणारा आवाज श्रोत्याने मान वळवली तरी मूळ जागेवरच भासावा, यासाठीचे तंत्र. आवाज दोन्ही कानांपर्यंत पोहोचण्यात जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंदांचे अंतर पडते. त्यावरून, तीव्रतेतील फरकावरून आणि कानाच्या पाळीने बदललेल्या स्वररंगावरून मेंदू दिशा ठरवतो. इअरफोनमधील घूर्णनमापक व त्वरणमापक डोक्याची हालचाल टिपतात आणि हे फरक क्षणोक्षणी नव्याने गणले जातात. गणनेला वा ब्लूटूथला उशीर झाला की आभास मोडतो. अ‍ॅपलने २०२० मध्ये एअरपॉड्स प्रोला ही सोय दिली. मात्र प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असल्याने सरासरी मापांवर बेतलेल्या गणनेत समोरचा आवाज अनेकांना मागून आल्यासारखा वाटतो. हीच या तंत्राची खरी अडचण.

गोव्यातील पेडणे, डिचोली भागांतील देवळांपुढे रंगणाऱ्या दशावतारी काला या लोकनाट्याच्या ध्वनिमुद्रणाला हे तंत्र विशेष उपयोगी ठरेल. हार्मोनियम, मृदंग, झांज एका बाजूला, पात्रे मध्यभागी आणि भोवती जत्रेचा गलबला, ही मांडणी साध्या स्टिरिओत सपाट होते. कानांत मायक्रोफोन बसवून केलेले द्विकर्णी मुद्रण दिशा जपते, पण मान वळताच सारी मांडणीच सोबत फिरते. मायकेल गर्झन यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या अ‍ॅम्बिसॉनिक्स पद्धतीत चार मायक्रोफोन-पटलांनी सर्व दिशांचा ध्वनी टिपला जातो व तो नंतर हवा तसा फिरवता येतो. म्हणून काल्यासाठी हीच पद्धत योग्य.