हिरव्या माळेचा हट्ट

डिसेंबर उजाडला की मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि वांद्र्याच्या हिल रोडवर काटेरी हिरव्या पानांच्या, लाल मण्यांच्या प्लॅस्टिकच्या माळा लोंबू लागतात. ही पाने हॉली नावाच्या झुडपाची नक्कल होत. ज्या इंग्लंडात हे झुडूप रानोमाळ वाढते, तेथे पावणेचार शतकांपूर्वी नाताळाला ते दाराशी लावावे की नाही, यावरून चक्क दंगली झाल्या होत्या.

दाराला आंब्याचा टाळा बांधणाऱ्या मराठी माणसाला हिरव्या तोरणाचे मोल सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्याकडे पाने बारमाही मिळतात. उत्तर युरोपात डिसेंबरात ओक, अ‍ॅश यांसारखे वृक्ष पर्णहीन होतात आणि हिरवे म्हणावे असे थोडेच उरते : हॉली, आयव्हीचा वेल, बे, रोझमेरी. हॉलीच्या जाड पानावर मेणासारखा थर असतो. त्यामुळे तोडलेली फांदीही बरेच दिवस टवटवीत राहते. या झुडपात नर व मादी वेगळे असतात आणि लाल फळे केवळ मादीलाच धरतात. काट्यांत येशूचा काटेरी मुकुट आणि फळांत त्याचे रक्त पाहण्याची भाविक कल्पना पुढे रूढ झाली.

मिसलटो ही परजीवी वनस्पती मात्र परंपरेने चर्चबाहेरच राहिली, घरात तिला मानाचे स्थान मिळाले. तिच्या गुच्छाखाली चुंबन घेण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. वूस्टरशरमधील टेनबरी वेल्स या गावी नाताळापूर्वी हॉली व मिसलटोचे लिलाव होतात. आपल्याकडे आंब्यावर वाढणारे बांडगूळ हे तिचेच भाईबंद. मराठीत त्याच्या वाट्याला शिवीखेरीज काही आले नाही, हे त्याचे दुर्दैव!

धर्माची नापसंती

सणाला दारे पानांनी सजवण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी. म्हणूनच इसवी सन २०० च्या सुमारास टर्टुलियन या धर्मलेखकाने दारावर दिवे व लॉरेलची पाने लावणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना फटकारले होते. इ. स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडमधील धर्मप्रसारकांसाठी पाठवलेल्या पत्रात मात्र नमते धोरण स्वीकारले : लोकांना चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून सण साजरे करू द्यावेत.

लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याच्या १५९८ च्या ग्रंथात नाताळातील हिरवाईने सजलेल्या घरांची आणि चर्चची नोंद आहे. १४४४ साली २ फेब्रुवारीच्या पहाटे वादळाने लेडनहॉल येथील हॉली व आयव्हीने मढवलेला खांब उखडून फेकला आणि लोकांनी ते दुष्ट आत्म्याचे कृत्य मानले, असेही तो सांगतो. २ फेब्रुवारी म्हणजे कँडलमास. त्या काळी नाताळची सजावट तोवर उभी असे. पुढे बाराव्या रात्री, म्हणजे ५ किंवा ६ जानेवारीस, ती उतरवण्याचा प्रघात पडला.

खरा संघर्ष पेटला तो यादवी युद्धाच्या काळात. प्युरिटन पंथीयांना नाताळमध्ये पोपची आणि मूर्तिपूजकांची छाया दिसे. जून १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आदी सण रद्द ठरवले. त्या डिसेंबरात लंडनमध्ये कॉर्नहिल येथील सार्वजनिक पाणवठा उमेदवार कारागिरांनी हॉली व आयव्हीने सजवला. ती पाने उतरवण्यासाठी लॉर्ड मेयर स्वतः हजर झाले आणि झटापट उडाली. कँटरबरीत नाताळच्या दिवशी दुकाने उघडण्याचा हुकूम लोकांनी धुडकावला; घरांच्या दारांशी हॉलीच्या फांद्या उभ्या राहिल्या. तेथील अटकांमधून वाढलेला असंतोष १६४८ मधील केंटच्या उठावास कारणीभूत ठरला. चार फांद्यांसाठी एवढे रामायण का, असा प्रश्न पडेल. पण राजा कैदेत आणि चर्चची उपासनापद्धती बदललेली असताना सामान्य माणसाच्या हाती निषेधाचे तेवढेच साधन उरले होते.

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि सण परतला. पुढच्याच वर्षीच्या विवाह-कराराने मुंबई बेट आंदण मिळाले, ते याच राजाला.

चमचमत्या माळांचा धोका

विसाव्या शतकात पानांच्या जोडीला रंगीत कागदाच्या साखळ्या आणि चमचमणारे टिन्सेल आले. टिन्सेल मूळचे चांदीचे. परंतु चांदी काळवंडते. म्हणून शिशाचा वापर सुरू झाला. ते काळे पडत नसे आणि वजनामुळे फांदीवरून सुरेख लोंबे. मुलांना शिशाची विषबाधा होण्याच्या शक्यतेमुळे अमेरिकेत १९७२ मध्ये त्याची आयात व उत्पादन थांबवण्यावर संबंधितांचे एकमत झाले. आजचे टिन्सेल बहुधा धातूचा मुलामा दिलेल्या पीव्हीसीचे असते. त्यात शिसे नसले तरी मांजराने त्याचा धागा गिळल्यास आतड्याला इजा होऊ शकते. खऱ्या हॉलीची लाल फळेही पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. ती लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. वाळलेल्या पानांच्या माळा मेणबत्तीजवळ बांधणे तर सर्वथा टाळावे. प्लॅस्टिकच्या माळेला सुकण्याची चिंता नाही. जानेवारीत ती पुसून माळ्यावर टाकली की पुढील वर्षी पुन्हा दारावर चढते.