रायगड किनाऱ्यावरील ‘दस्तक’ आणि स्मार्टफोनवरील ‘अज्ञात स्रोत’

परवाना देणाऱ्या सत्तेचा इतिहास हा बहुधा परवाना नसलेल्यास तिने दिलेल्या नावाचाही इतिहास असतो. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर या विधानाची साक्ष पटते. आज स्मार्टफोनवर अधिकृत भांडाराबाहेरून ॲप उतरवून घेण्याचा जो व्यवहार ‘साइडलोडिंग’ या नावाने ओळखला जातो, त्याचा वादही त्याच जातीचा आहे. म्हणून दोहोंचा एकत्र विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर ‘कार्ताझ’ची पद्धत चालविली. हा कागद जवळ नसलेले जहाज जप्तीस पात्र होई, आणि कागद असलेल्या जहाजास पोर्तुगीजांच्या बंदरी जकात भरावी लागे. चौलजवळ रेवदंड्यास त्यांचा कोट होता; दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी आणि उत्तरेस मुंबईचे इंग्रज होते. या सत्तांच्या मधोमध कुलाबा किल्ल्यात ठाण मांडलेल्या कान्होजी आंग्रे यांनी व्यापारी तारवांनी आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरला, तो या रूढ रीतीस अनुसरूनच होय. परंतु इंग्रजांना आपला पास हा हक्क वाटे आणि आंग्र्यांचे दस्तक ही जुलमाची वसुली वाटे. इंग्रजी निशाणाखाली देशी व्यापाऱ्यांचा माल जाई, त्यासही दस्तकातून सूट मिळावी, हे तंट्याचे एक प्रमुख कारण होते. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांच्या साह्याने कुलाब्यावर इंग्रजांनी केलेल्या मोहिमा फसल्या. तथापि इंग्रजी कागदपत्रांत छत्रपतींचा हा सरखेल ‘चाचा’ म्हणूनच नोंदला गेला. तात्पर्य, हा शब्द कान्होजींच्या वर्तनापेक्षा तो लिहिणाऱ्याच्या दाव्याविषयीच अधिक सांगतो.

आता दुसऱ्या परवान्याकडे वळता येईल. गुगलच्या अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला फोन २००८ मध्ये विक्रीस आला. त्याच वर्षी उघडलेले तिचे भांडार २०१२ पासून ‘गुगल प्ले’ या नावाने चालते. भांडाराबाहेरून ॲप घेण्याची वाट या प्रणालीत प्रथमपासून होती. मात्र तिच्या दारावर पाटी होती ती ‘अज्ञात स्रोत’ अशी. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत सर्व ॲपांसाठी असलेली एकच कळ जाऊन, ज्या ॲपमधून फाइल उघडायची त्या प्रत्येकास वेगळी अनुमती देण्याची रीत आली. ‘अज्ञात’ हे विशेषण मात्र कायम राहिले.

हे विशेषण भाषिक दृष्ट्या तपासण्याजोगे आहे. ‘अज्ञात’ म्हणजे न जाणलेला. पण जाणणारा कोण, हे या शब्दात अध्याहृतच राहते. २०१० पासून चालणाऱ्या ‘एफ-ड्रॉइड’ या भांडारातील ॲपांची मूळ संहिता कोणासही वाचावयास खुली असते. तरीही फोनच्या लेखी ते भांडार अज्ञातच. येथे फोनधारकाचे ज्ञान हिशेबात धरलेले नाही. परवाना देणाऱ्याच्या वहीत नोंद नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

परंतु एवढ्यावरून परवाना हे केवळ निमित्त ठरत नाही. समुद्रावर चाचे खरेच होते. आजही लग्नपत्रिका किंवा वाहनदंडाचे चलान असे नाव दिलेली एपीके फाइल व्हॉट्सॲपवर येते; ती उघडून संदेश वाचण्याची अनुमती दिली की बँकेचा एकवेळचा सांकेतांक परभारे चोराच्या हाती जातो आणि खाते रिकामे होते. संरक्षण आणि वसुली ही दोन्ही परवान्याची खरी अंगे आहेत; त्यांपैकी एकाचा हवाला देऊन दुसरे झाकले जाते, हाच वादाचा गाभा होय.

भारतात या वादास कायदेशीर रूप आले ते २०२२ मध्ये. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि भांडाराबाहेरून ॲप घेण्यास अडथळा आणू नये, असेही बजावले. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा निर्देश रद्द केला. पुढे २१ फेब्रुवारी २०२४ रोजी फोनपे कंपनीने मराठीसह बारा भारतीय भाषांत चालणारे ‘इंडस ॲपस्टोअर’ सुरू केले. ज्या फोनवर ते आधीपासून बसविलेले नसेल, तेथे मराठीत बोलणाऱ्या या भांडारासही ‘अज्ञात’ म्हणवून घेऊनच आत यावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने आणखी पुढचे पाऊल जाहीर केले: भांडाराबाहेर ॲप देणाऱ्यानेही आपली ओळख गुगलकडे पटवावी, आरंभ सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या चार देशांत, आणि २०२७ पासून इतरत्र.

या ठिकाणी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे स्मरण होते. त्यातील आरमाराच्या प्रकरणात शत्रूचे तारू आणि कौल नसलेल्या परमुलखी सावकाराचे तारू यांत स्पष्ट भेद केलेला आहे. कौल नसलेल्या सावकारावर एकाएकी हात टाकू नये, त्यास दिलासा देऊन बंदरात आणावे, लाकूड-पाणी पुरवावे, व्यापाराची मुभा द्यावी आणि जकात माफक घ्यावी, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्षात हे धोरण कितपत पाळले गेले हा निराळा प्रश्न. परंतु परवाना नसणे म्हणजे शत्रू असणे नव्हे, हा विवेक त्यात आहे. ‘अज्ञात स्रोत’ या एकाच पाटीखाली चोर, स्वयंसेवक आणि प्रतिस्पर्धी भांडार यांना एकत्र उभे करणाऱ्या आजच्या शब्दयोजनेत नेमका तोच विवेक हरवलेला दिसतो.